स्टेम सेल गोळा करणारे मशीन : 'कुठले आहे' यापेक्षा काय विचाराल?

मायलोमा किंवा लिम्फोमासाठी स्वतःच्या स्टेम सेलचे प्रत्यारोपण ठरले, की "त्या हॉस्पिटलात नवे मशीन आहे, तिकडे जाऊ का?" असा प्रश्न घरात निघतोच. ऑक्टोबर 2023 मध्ये टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईच्या सहभागातून तयार झालेल्या कार-टी उपचाराला भारतात मान्यता मिळाली. त्यासाठी लागणाऱ्या पेशीही अशाच मशीनवर काढतात. त्यामुळे 'अफेरेसिस' हा शब्द आता तुमच्या कानावर अधिक पडेल.

हे मशीन एका नळीतून रक्त घेते, फिरवून त्याचे थर वेगळे करते, स्टेम सेल असलेला पातळ थर काढते आणि उरलेले रक्त परत देते. याला साधारण 3 ते 5 तास लागतात.

मशीनमध्ये फरक काय?

जुन्या कोबे स्पेक्ट्रावर तंत्रज्ञाला थराकडे सतत लक्ष ठेवावे लागे. स्पेक्ट्रा ऑप्टियात हे काम कॅमेरा करतो. अमायकस आणि कॉम.टेक ही मशीन थांबून-थांबून, फेऱ्यांमध्ये पेशी गोळा करतात. गोळा केलेल्या पिशवीत प्लेटलेट्स किती जातात आणि एका वेळी किती रक्त शरीराबाहेर असते, यातही फरक असतो. लहान मूल किंवा कमी वजनाचा रुग्ण असेल तर हा दुसरा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

पण प्रौढ रुग्णात पेशी किती मिळतील, हे मशीनपेक्षा त्या दिवशी रक्तात किती स्टेम सेल उतरल्या आहेत यावर जास्त अवलंबून असते. त्यासाठीच आधी 4-5 दिवस जी-सीएसएफची इंजेक्शने देतात. 'सीडी 34' तपासणीत हा आकडा कळतो. तो कमी असेल तर प्लेरिक्साफॉर देता येते. ते महाग आहे. प्रत्यारोपणासाठी वजनाच्या दर किलोला किमान 20 लाख पेशी लागतात, म्हणजे 60 किलोच्या रुग्णाला 12 कोटी.

डॉक्टरांना हे विचारा

- सीडी 34 चा रिपोर्ट त्याच सकाळी मिळेल का?
- आकडा कमी आला तर पुढे काय? खर्च किती वाढेल?
- तुमच्याकडे असे संकलन नियमित होते का?
- दुसऱ्या दिवशीही यावे लागेल का?

शेवटचा प्रश्न कल्याण-डोंबिवलीकरांनी आवर्जून विचारावा. खारघरच्या ॲक्ट्रेकला जायचे तर ठाण्याला गाडी बदलावी लागते. मानेत कॅथेटर आणि प्लेटलेट्स कमी, अशा अवस्थेत लोकलची गर्दी नको. दोन दिवस जवळपास राहण्याची सोय आधीच करून ठेवा.

मशीनवर असताना ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरते. ते देऊन त्रास थांबवता येतो. घरी ताप, रक्तस्राव किंवा डाव्या बरगडीखाली तीव्र दुखणे जाणवल्यास सकाळची वाट पाहू नका, हॉस्पिटल गाठा.