पोटातले दिवस

हत्तीण सुमारे 22 महिने गाभण राहते. घरातली उंदरी जेमतेम 20 दिवसांत विते. पण हा नुसता आकाराचा खेळ नव्हे. शेळीला पाच महिने लागतात, तिच्याहून कितीतरी मोठी वाघीण मात्र साडेतीन महिन्यांत मोकळी होते.

कारण पिल्लाच्या तयारीत आहे. करडू जन्मल्यावर थोड्याच वेळात लटपटत्या पायांवर उभं राहून आचळ शोधू लागतं. वाघाचा बछडा जन्मतो तो डोळे मिटलेलाच, सर्वस्वी आईच्या भरवशावर.

लाल कांगारूची मादी तर 33 दिवसांत एक ग्रॅमही न भरणारं पिल्लू जन्माला घालते. उरलेली वाढ पिशवीत.

गाय साधारण 280 दिवसांनी विते, म्हैस त्यानंतर महिनाभराने. गोठ्यात अशा तारखा मांडून ठेवणाऱ्या वाचकांनी आपल्या नोंदी जरूर कळवाव्यात.