खोक्यावरचे पाचशे वीस आणि आमच्या संगणकातले एकशे तीस

प्रतापगड म्हटले की बहुतेकांना साताऱ्याकडचा किल्ला आठवतो. आम्ही लिहीत आहोत ते गोंदिया जिल्ह्यातल्या, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडाविषयी. महाशिवरात्रीला इथल्या डोंगरावर मोठी यात्रा भरते, दर्ग्यालाही माणसे येतात. एरवी गाव आपले धानाच्या बांधीत नाहीतर मजुरीच्या कामात असते. इथल्या वाचनालयात एक संगणक आहे. त्याच्यावरून गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, जी भानगड झाली ती आज सांगायची आहे.

संगणक बारा-तेरा वर्षांचा. कोण्या कार्यालयातून निघालेला, देणगीत आलेला. त्याच्यावर गावची पोरे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, दाखल्यांचे कागद चढवतात, भरतीच्या जाहिराती पाहतात. बटण दाबल्यापासून काम सुरू व्हायला साडेतीन-चार मिनिटे लागत. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की रात्री नऊपर्यंत रांग, आणि पडद्यावर गोल गोल फिरणारे चक्र. एका मुलीचा अर्ज कागद चढता चढता तीनदा बंद पडला. मुलगी रडायला लागली. तिच्या आईची त्या दिवसाची मजुरी बुडाली होती ती वेगळीच.

समितीने ठरवले, नवा संगणक घ्यायचा. घरोघरी फिरून वर्गणी केली. धानाची कापणी नुकतीच झालेली, म्हणून लोकांच्या हातात थोडा पैसा होता. २६,००० रुपये जमले. हिशेब ठेवायचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले, बी.कॉम. झालेल्या कारकुनाला लोक दुसरे काय देणार? आम्ही म्हटले, थांबा. आधी यंत्राला नेमका आजार काय आहे ते पाहू.

आजार जुन्या हार्ड डिस्कचा होता. ती आतून म्हणजे फिरणारी तबकडी. मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, ते झाले चार मिलिसेकंद; सुई त्या रांगेवर सरकायला आणखी आठ-नऊ. तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणची बारीक बारीक माहिती गोळा करायची असेल तर सेकंदाला सत्तर-ऐंशी ठिकाणेच होतात, त्यापुढे डिस्कची मजल नाही. कचेरीत एकच म्हातारा शिपाई असावा आणि प्रत्येक फाइलसाठी त्याने तळघरातल्या दफ्तरखान्यात जाऊन यावे, असा हा प्रकार. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही, सगळ्या चिपा. तिथे एक ठिकाण वाचायला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. या चिपांची मूळ कल्पना जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांची, १९८० च्या दशकातली. आज ती वस्तू तालुक्याच्या बाजारात मिळते.

आम्ही २४० जीबीची एसएसडी घेतली, १,७५० रुपयांना. दुकानदाराने जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे तिच्यावर उतरवून दिले. संगणक पहिल्यापेक्षा लवकर सुरू झाला खरा, पण मध्येच पाच-सात सेकंद थिजून बसायचा. वाचनालयात येणारा एक बारावीचा मुलगा फार चौकस. त्याने वेग मोजायचा क्रिस्टलडिस्कमार्क हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावला आणि भर बैठकीत म्हणाला, “काकाजी, दुकानदारानं आपल्याले फसवलं जी. खोक्यावर पाचशे वीस लिवलं आहे, अन् इथं एकशे तीसच दाखवते.”

बैठकीत एकदम शांतता. एक मावशी म्हणाल्या, “मंग बाकीचे पैसे कोठी गेले?” त्यांच्या मनात आमच्याविषयी वाईट नव्हते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्या बाईने रोवणीच्या मजुरीतले शंभर रुपये दिले, तिला विचारण्याचा हक्क आहे. बिल दाखवले, तरी रात्री झोप लागली नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब कागदावर जुळून भागत नाही, तो लोकांच्या मनातही जुळावा लागतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही आणि तो मुलगा सकाळीच वाचनालयात बसलो. त्याच माणसाचा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा दुसरा प्रोग्राम आहे. तो डिस्कची नाडी पाहतो. त्यात ‘ट्रान्सफर मोड’ या ओळीत दोन आकडे असतात: डावीकडे आत्ता कोणत्या वेगाची जोडणी चालू आहे तो, उजवीकडे डिस्क जास्तीत जास्त किती पेलते तो. आमच्याकडे होते साटा १५० आणि साटा ६००. म्हणजे डिस्क सहाशेच्या लायकीची, पण तिचे बोलणे दीडशेच्या वाटेने चालले होते. त्याच यादीत खाली ‘सीआरसी एरर काउंट’ अशी ओळ असते. तो आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता. हा आकडा वाढू लागला की पहिला संशय डिस्कवर घेऊ नये, तारेवर घ्यावा. निरोप वाटेत बिघडतो, पुन्हा पाठवावा लागतो, आणि त्या वेळात माणूस पडद्यापुढे ताटकळतो. पेटी उघडली. तार संगणकाइतकीच जुनी, एका टोकाला दुमडलेली, खिटीही तुटलेली. अर्जुनीहून ६० रुपयांची नवी तार आणली. थिजणे बंद! डावीकडचा आकडा ३०० झाला आणि वाचण्याचा वेग २५५.

मुलाचे समाधान होईना. पाचशे वीस कुठे आणि दोनशे पंचावन्न कुठे? आम्हालाही आता चेव आला होता.

मदरबोर्डचे नाव पाहिले. त्यावर इंटेलचा एच६१ चिपसेट. २०११-१२ च्या सुमारास आपल्याकडे स्वस्तातल्या संगणकांत हाच सर्रास असे. याच्या चारही साटा जोडण्या दुसऱ्या पिढीच्या, सेकंदाला ३ गिगाबिटच्या. प्रत्यक्षात त्यातून २७०-२८० मेगाबाइटच्या वर जात नाही. सहा गिगाबिटची जोडणी असेल तरच साडेपाचशेच्या जवळ पोचता येते. तेव्हा दुकानदार निर्दोष. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता, आमची वाट अरुंद होती. बैलगाडीच्या पांदणीतून एसटी काढायची तर ती पांदणीच्याच चालीने चालणार!

पण त्याच मोजणीत दुसरी एक ओळ असते: बारीक बारीक फायली, एकाच वेळी अनेक मागण्या. रोजच्या कामात माणसाला जो वेग जाणवतो त्याचा संबंध मोठ्या आकड्यापेक्षा या बारीक फायलींच्या ओळींशी अधिक. आमचा आकडा होता अवघा २१. एक मागणी टाका की बत्तीस टाका, फरकच नाही. इथे चूक डिस्कची नव्हती आणि तारेचीही नव्हती. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘आयडीई एटीए कंट्रोलर्स’ या फांदीखाली पाहिले. तिथे ‘एएचसीआय’ हा शब्द दिसायला हवा होता, तो नव्हता. संगणक जुन्या आयडीई पद्धतीवर लावलेला होता, आणि ड्रायव्हरही त्याच पद्धतीचा. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि यंत्राचा सुटा भाग यांच्यातला दुभाषी.

आयडीई पद्धतीतला कारकून खिडकीतून एक अर्ज घेतो, निकाली काढतो, मगच दुसऱ्याला हात लावतो. एएचसीआयमध्ये साटा डिस्क एका वेळी बत्तीस अर्ज घेऊ शकते आणि सोयीच्या क्रमाने उरकते. आमच्या कार्यालयात दोन्ही प्रकारचे कारकून आहेत. आम्ही कोणत्या प्रकारातले, ते विचारू नये.

आता इथे एक खड्डा आहे आणि आम्ही त्यात पडलो, म्हणून सविस्तर सांगतो. मुलाने सरळ बायोसमध्ये जाऊन आयडीईचे एएचसीआय केले. संगणक सुरू झाला तो निळा पडदा घेऊनच. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस.’ मुलाच्या तोंडचे पाणी पळाले. वास्तविक बिघडले काहीच नव्हते. विंडोज सुरू होताना जुनाच दुभाषी घेऊन उभे राहिले आणि समोरचा वेगळी भाषा बोलू लागला, एवढेच. बायोसमध्ये पुन्हा आयडीई केले, संगणक पूर्ववत आला.

विंडोज १० मधला योग्य क्रम असा. आधी महत्त्वाच्या कागदांची प्रत पेनड्राइव्हवर काढावी. मग ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘बूट’ या पानावर ‘सेफ बूट’ला खूण करावी. संगणक पुन्हा सुरू करताना लगेच बायोसमध्ये शिरून एएचसीआय करावे. विंडोज सेफ मोडमध्ये उघडते आणि नवा दुभाषी स्वतःच शोधून बसवते. मग ती खूण काढून पुन्हा सुरू करावे. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन कधी कधी चालत नाही, म्हणून पूर्ण पासवर्ड आधीच आठवून ठेवावा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची लांबलचक किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी, नाहीतर स्वतःच्याच घराला कुलूप लागायचे. विंडोज ७ मध्ये हे इतके सोपे नव्हते, रजिस्ट्रीत हात घालावा लागे.

एएचसीआय लागल्यावर पुन्हा मोजले. मोठा आकडा २५५ चा २६८, म्हणजे जवळपास तिथेच. बारीक फायलींचा २१ वरून १३२. मुलाने टाळी दिली. संगणक आता ३५ सेकंदांत सुरू होतो. ६०० रुपयांत जुनी वापरलेली ४ जीबी रॅम आणखी बसवली, कारण आधीची पुरत नव्हती आणि मग विंडोज सारखे डिस्कवरच ओझे टाकायचे.

‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ या खिडकीत आपली डिस्क ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ म्हणून दाखवते की नाही तेही पाहून घ्यावे. दाखवत असेल तर विंडोज अधूनमधून डिस्कला कोणत्या जागा रद्दी झाल्या ते कळवत राहते. त्याला ट्रिम म्हणतात. ते बंद असले की डिस्क भरत जाते तशी लिहिताना मंद होते. थोडी जागा नेहमी मोकळी ठेवावी. स्वस्त एसएसडीत मोठी फाइल उतरवताना सुरुवातीला वेग दिसतो आणि मग अचानक घसरतो, तोही बिघाड नव्हे. टेबलावरचा ट्रे भरला की कारकुनाला प्रत्येक कागद कपाटात लावूनच पुढचा घ्यावा लागतो, तसे ते आहे.

ज्यांच्या घरी नवा लॅपटॉप आहे त्यांची अडचण उलटी. नागपुरात शिकणाऱ्या आमच्या भाच्याने इंटेलच्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकायला घेतले, तर यादीत डिस्कच दिसेना. “मामाजी, डिस्क जळली वाटते,” असा फोन. डिस्क ठणठणीत होती. त्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू असते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर असेलच असे नाही. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्यायचा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबून दाखवायचा, की डिस्क हजर. आणखी एक: एम.२ ची पट्टी विकत घेताना ती साटा आहे की एनव्हीएमई, हे मदरबोर्डच्या पुस्तकाशी ताडून घ्यावे. दोन्ही दिसायला सारख्याच, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही.

बैठक यात्रेच्या आधी घेतली. त्या वर्षी महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. मुलाने चारही मोजण्यांचे कागद भिंतीला लावले आणि आम्ही हिशेब वाचला: एसएसडी १,७५०, तार ६०, रॅम ६००, एकूण २,४१०, शिल्लक २३,५९०. मावशींनी बिले हातात घेऊन पाहिली, शेजारच्या पोराकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, “मंग एवढे पैसे पहिलेच कायले जमवले जी?” याला उत्तर नव्हते.

जुनी डिस्क आम्ही भंगारात दिली नाही. तिच्यात शेकडो पोरांचे आधार आणि जातीचे दाखले आहेत. नुसते पुसून ते जात नाहीत. ती कपाटात कुलपात आहे आणि महिन्यातून एकदा जोडून तिच्यावर प्रत काढली जाते. एसएसडी जाते तेव्हा हार्ड डिस्कसारखी खडखड करून सूचना देत नाही. एका सकाळी दिसतच नाही.

पुढे १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आमचा दुसऱ्या पिढीचा. तेव्हा शिलकीतल्या पैशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. नोव्हेंबरात त्या मुलाने त्याच संगणकावर लिनक्स टाकून पाहिले. सी-डॅकचे बॉस नावाचे लिनक्स आहे, त्यात मराठीही चालते. एएचसीआयचा ड्रायव्हर त्यात आधीच होता, डिस्क लगेच ओळखली, वेग तोच. अडला तो प्रिंटर. त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर ३२ बिटच्या जुन्या विंडोजपुरताच, म्हणून ६४ बिटच्या विंडोजवरही तो आम्हाला त्रासच द्यायचा. सध्या अर्ज लिनक्सवर भरतात आणि छापायला पेनड्राइव्ह घेऊन ग्रामपंचायतीजवळच्या दुकानात जातात, पानाला पाच रुपये.

प्रिंटर बदलावा की आणखी पैसे घालून सगळेच नवे घ्यावे, हा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर आहे. मुलगा आता पुण्याला शिकायला गेला. मोजण्यांची वही त्याने मावशींच्या नातीकडे दिली आहे, आणि ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आकडे उतरवते. मागच्या रविवारचा सीआरसीचा आकडा होता तेवढाच आहे.