कंपवातावर खाजकुयली: फॉरवर्ड मराठीत, मग व्याख्यान का नाही?

‘कंपवात आहे? कवचबीज चूर्ण घ्या, गोळ्या बंद करा.’ असा मेसेज घरच्या ग्रुपवर आला असेल, तर फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा.

यात तथ्य आहे का?

थोडं आहे, म्हणूनच धोका आहे. कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी त्यातून लेव्होडोपा वेगळं केलं. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी पडतं, हे मात्र व्हिएन्नातल्या संशोधकांनी १९६० मध्ये दाखवलं. लेव्होडोपाच्या मोठ्या डोसने रुग्णांना फरक पडतो, हे अमेरिकेत १९६७ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे बी ते उपचार, ३० वर्षं.

मग थेट डोपामिनच का देत नाहीत?

चाकणच्या एखाद्या कंपनीचं गेट आठवा. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये तसंच गेट आहे. ते डोपामिनला अडवतं, लेव्होडोपाला सोडतं. आत गेल्यावर त्याचं डोपामिन बनतं. पण बरंचसं लेव्होडोपा गेटबाहेरच डोपामिन होतं आणि मळमळ सुरू होते. ही गळती रोखायला गोळीत कार्बिडोपा घालतात.

चूर्णात अडचण काय?

त्यात कार्बिडोपा नसतं आणि बियांमधलं लेव्होडोपाचं प्रमाण कमी-जास्त असतं. गोळ्यांसोबत चूर्ण घेतलं तर डोस नकळत वाढतो. अंग आपोआप हलणं, बीपी घसरणं असे त्रास होऊ शकतात. गोळ्या अचानक बंद केल्या तर शरीर ताठरतं, कधी जिवावरही बेतू शकतं.

मग करायचं काय?

आपल्या चऱ्होलीत विद्यापीठ आहे. पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. मेंदूविकार आणि वनस्पतींतली रसायनं हे अशा संस्थांमधल्या व्याख्यानांचे विषय. पण ही व्याख्यानं बहुतेकदा इंग्रजीत आणि गेटच्या आत होतात. फॉरवर्ड मात्र मराठीत, थेट आजोबांच्या हातात येतो. विज्ञान दिन वर्षातून एकदा, फॉरवर्ड रोज!

माझं म्हणणं एवढंच: अशा प्रत्येक व्याख्यानानंतर एक तास मराठीत, गावासाठी ठेवा. तज्ज्ञ आलेलेच असतात, हॉलही असतो. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांना बोलवा; खरे प्रश्न तेच विचारतील.

तोवर एक करा. घरात कुणी चूर्ण घेत असेल, तर डबी लपवू नका. पुढच्या तपासणीला ती डॉक्टरांसमोर ठेवा.