एका फोटोने काय होते?

दिवाळीची सुट्टी लागली की फराळाचे डबे बांधून कित्येक कुटुंबे वेरूळ-अजिंठ्याकडे निघतात. सोबत कॅमेरा असतोच. आता तर तो प्रत्येकाच्या खिशात असतो. मग लेण्याच्या दाराशी रखवालदाराशी हुज्जत सुरू होते. फ्लॅश नको, तिपाई नको, हे ऐकले की एरवीच्या सज्जन गृहस्थालाही आपला घोर अपमान झाल्यासारखे वाटते. ‘अहो, एकच फोटो! एका फोटोने काय होते?’

ह्या ‘एकाने काय होते’चा इतिहास अजिंठ्याच्या भिंतींवरच आहे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तेथे पोचला आणि दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून मोकळा झाला. ‘मी येथे आलो होतो’ हे जगाला सांगण्याची हौस कॅमेऱ्यापेक्षा जुनी आहे, ती अशी.

पुढे आले ते तर कलेचे खरे भक्त. रॉबर्ट गिल ह्यांनी १८४४ पासून कित्येक वर्षे खपून चित्रांच्या नकला केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन बसले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. आणि नकला करताना मूळ चित्रे उठून दिसावीत म्हणून भिंतींवर चढविलेले व्हार्निश पुढे काळवंडले. नकलांची राख झाली. डाग मात्र मूळ चित्रांवर राहिला!

उजेडाचेही तसेच आहे. एका झगझगाटाने भिंत कोसळत नाही, हे खरे. पण उजेडाने होणारी झीज साठत जाते आणि उडालेला रंग परत येत नाही. प्रत्येकजण ‘एकच’ म्हणतो. भिंतीला मात्र सगळ्यांची बेरीज सोसावी लागते. तिपाईचे पाय तर काळोखात माणसालाही लागतात आणि भिंतीलाही.

म्हणून कॅमेरा हा शत्रू ठरतो का? मुळीच नाही. १९९१ मध्ये बिनॉय बहल ह्यांनी प्रखर दिवे न लावता, मंद प्रकाशातच बराच वेळ भिंग उघडे ठेवून ही चित्रे टिपली. अजिंठा न पाहिलेल्या विद्यार्थ्याला पद्मपाणी भेटतो तो अशा छायाचित्रांतूनच. तेव्हा बंदीलाही कारण हवे. २०१८ साली पुरातत्त्व खात्याने बहुतेक संरक्षित वास्तूंतील छायाचित्रणाची मनाई उठविली आणि अजिंठा, लेहचा राजवाडा व ताजमहालातील मुख्य कबरीचे दालन एवढेच अपवाद ठेवले. हे शहाणपणाचे झाले. आता ज्या दारावर मनाईची पाटी आहे, तेथे तिच्याखाली दोन ओळींत कारणही लिहावे. कारण कळले की हुज्जत निम्मी होते. नाही तर नियम म्हणजे रखवालदाराचा तोरा, असेच लोक समजतात.

आपल्याकडूनही एवढे व्हावे. ज्यांना अभ्यासासाठी तिपाई हवीच, त्यांनी आधी लेखी परवानगी काढावी. पिशवीच्या तळाशी दडवून नेऊ नये. मुले आपल्याकडे पाहत असतात. बाकीच्यांनी पद्मपाणीसमोर चार मिनिटे नुसते उभे राहावे. काळोखाला डोळे सरावतात, आणि मग एकेक रंग वर येऊ लागतो. फोटो चांगल्या पुस्तकात केव्हाही मिळेल. ती चार मिनिटे तेथेच मिळतात, आणि आपल्या नातवंडांनाही ती मिळायला हवीत.