पाजायला शिकवणारे हात

निफाडच्या द्राक्षबागेत ऑक्टोबरची छाटणी कुणी भाषण ऐकून शिकत नाही. जाणता माणूस वेलीपाशी उभा राहतो, कुठल्या डोळ्यावर कात्री लावायची ते दाखवतो. बाळंतिणीला अंगावर पाजायला शिकवणाऱ्या सिस्टरला मात्र आपण सभागृहात बसवतो, स्लाइड दाखवतो आणि चहा-बिस्किटांनंतर 'प्रशिक्षित' म्हणून तिची नोंद करतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली सुमारे 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं 53 टक्क्यांच्या आसपास. आधीच्या फेरीत 57 होती. सासूच्या मधाच्या बोटावर खापर फोडून सुटका नाही. त्या तासात आई आणि बाळ दवाखान्याच्याच ताब्यात असतात.

'दूध उतरत नाही' म्हटलं की सल्ले देणाऱ्या दहा जणी असतात. पाजताना शेजारी बसून बघणारी नसते. बाळाने तोंड मोठं उघडलंय का? नुसतं बोंड चोखतंय, की भोवतालचा काळा भागही तोंडात आहे? हनुवटी स्तनाला टेकलीय का? बोंडाला चिरा पडल्या तर मलमाआधी ही पकड बघायची. आयआयटी मुंबईतल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी मराठीसह अनेक भाषांतल्या व्हिडिओंतून ती बारकाईने समजावली आहे. पण मोबाइल काही बाळाची मान धरून देत नाही.

पेठ-सुरगाण्याहून बागेच्या कामाला आलेल्या बाईला 'सहा महिने फक्त आईचं दूध' ऐकवून काय होणार? हाताने दूध कसं काढायचं, झाकून गार जागी चार तासांपर्यंत कसं ठेवायचं, वाटी-चमच्याने कसं पाजायचं, हे तिला कुणीतरी करून दाखवायला हवं. आशाताई 42 दिवसांत सहा वेळा बाळंतिणीच्या घरी जाते. तिच्याकडूनही हे कुणी करवून घेतलेलं नसेल, तर ती वजन करून निघते.

स्तनपानासाठीचा केंद्राचा 'माँ' कार्यक्रम 2016 पासून आहे, परिचारिकांचं प्रशिक्षण त्यात आहेच. तालुक्याने त्यात एवढंच वाढवावं: प्रत्येक सिस्टरने जाणत्या नजरेखाली किती जणींना पाजायला बसवलं आणि त्यांची बाळं दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत आली का, याची नोंद. रात्रपाळीला सगळ्या वॉर्डाला एकच सिस्टर असेल, तर तेही त्याच कागदावर येऊ द्या.