कर्णधारपद कोणास द्यावें?

शाळेचें नवें वर्ष सुरू झालें म्हणजे क्रिकेट-संघाचा कर्णधार कोण, हा प्रश्न हटकून उठतो. कोणी म्हणतो, ज्याची बॅट तोच पुढारी. कोणी वडिलांच्या प्रतिष्ठेकडे बोट दाखवितो. कोणी आपल्याच वाडींतील मुलासाठीं अडून बसतो. प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु आपल्या देशांतील क्रिकेटचा इतिहास पाहिला असतां त्याचें मोल ध्यानांत येतें.

पालवणकर बंधूंचें उदाहरण घ्या. आडनांवावरूनच त्यांचें कोंकणाशीं असलेलें नातें कळतें. बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल हे चौघे बंधु त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजांतले. बाळू पुण्यास युरोपियन लोकांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखीत व तेथील खेळाडूंना सरावासाठीं गोलंदाजी करीत. त्यांतूनच त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. पुण्याच्या हिंदु संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. पण चहाच्या वेळीं त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळे. 1911 सालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हां बाळूंनीं 114 गडी बाद केले. तरीहि मुंबईच्या सामन्यांत हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस कधींच दिलें गेलें नाहीं.

1920 सालीं बाळूंना संघांतून वगळलें, तेव्हां विठ्ठल व शिवराम यांनीं निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. पुढें समेट होऊन बाळूंना उपकर्णधार नेमलें. अखेर 1923 सालीं विठ्ठल कर्णधार झाले. त्यांच्या चार वर्षांच्या कारकीर्दींत 1923, 1925 व 1926 अशा तीन वर्षीं हिंदु संघ विजयी झाला. जें पद देण्यास वडीलधारी मंडळी इतकीं वर्षें कचरत होती, तें दिल्यानें संघाचें कांहीं बिघडलें नाहीं. उलट भलेंच झालें.

याच्या उलट 1936 चा इंग्लंडचा दौरा पाहा. सी. के. नायडूंसारखा कसलेला खेळाडू संघांत असतां कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेलें. तीनपैकीं दोन कसोटी सामने आपण हरलों. पोरबंदरच्या महाराजांनीं मात्र 1932 सालीं आपल्या खेळाची मर्यादा ओळखून लॉर्ड्‌सच्या कसोटींत नेतृत्व नायडूंकडे सोपविलें. हा मोठेपणा नव्हे काय?

कोणी म्हणेल, उत्तम खेळाडू तोच उत्तम कर्णधार असतो असें थोडेंच आहे? आक्षेप रास्त आहे. सचिन तेंडुलकर यांच्यासारख्या थोर फलंदाजाच्या नेतृत्वाखालीं 25 कसोट्यांपैकीं केवळ 4 जिंकल्या गेल्या. तेव्हां केवळ धावा मोजून भागणार नाहीं. डोकें शांत कोण ठेवतो, चुकलेल्या गड्यास धीर कोण देतो, हें पाहिलें पाहिजे. मात्र जात, पैसा व वशिला यांचा या मोजमापाशीं कांहींएक संबंध नाहीं.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, कर्णधार निवडतांना बॅट कोणाची हें विचारूं नका. आणि पालकांस एवढीच विनंती, कीं आपल्या मुलास पद मिळालें नाहीं तरी त्यास दुसऱ्याच्या हाताखालीं मन लावून खेळावयास शिकवावें. हा धडा ज्यानें मैदानावर गिरविला, तो पुढें गांवाचा कारभारहि न्यायानें चालवील.