झाडातला चेहरा आणि चेहऱ्यामागचे झाड

- विशेष प्रतिनिधी

आयर्लंडमधील लिमरिक परगण्यातील रॅथकील गावात जुलै २००९ मध्ये चर्चच्या आवारातील झाडे तोडण्याचे काम सुरू होते. तोडलेल्या एका झाडाच्या उरलेल्या खुंटात मदर मेरीची आकृती दिसत असल्याची वार्ता पसरली आणि तेथे भाविकांची रीघ लागली. खुंट काढू नये, या मागणीच्या निवेदनावर दोन हजारांहून अधिक सह्या झाल्या. हे निव्वळ झाड आहे, झाडाची पूजा कसली करता, असे खुद्द तेथील धर्मगुरूंनी बजावले. तरीही श्रद्धाळूंचा ओघ थांबला नाही.

रॅथकीलला जे भाविकांनी केले, तेच आता निराळ्या रूपात जगभरातील हौशी छायाचित्रकार करीत आहेत. मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यापासून खोडावरचे डोळे, वाकडे नाक, वासलेला जबडा टिपण्याचा छंद सर्वदूर पसरला आहे. छंद निरुपद्रवी आहे. मात्र दिसलेल्या चेहऱ्याचे पुढे काय केले जाते, हा प्रश्न तितका साधा नाही.

मेंदूची घाई

निर्जीव आकारात चेहरा दिसण्याच्या या प्रकाराला शास्त्रज्ञ 'पॅरिडोलिया' म्हणतात. चेहरे ओळखताना मेंदूचा एक विशिष्ट भाग अधिक सक्रिय होतो, हे अमेरिकेतील नॅन्सी कॅनविशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. चेहऱ्यासारख्या वस्तू पाहतानाही हा भाग सुमारे १६५ मिलिसेकंदांत प्रतिसाद देतो, असे २००९ मधील एका संशोधनात आढळले. म्हणजे विचार करण्यापूर्वीच चेहरा 'दिसून' गेलेला असतो. झुडपाला वाघ समजून पळणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. वाघाला झुडूप समजणारा मात्र जिवानिशी जातो. या घाईचे मूळ उत्क्रांतीत शोधले जाते ते याचसाठी.

झाडे या खेळाला पुरेपूर साहित्य पुरवितात. फांदी तुटली की जखमेच्या कडेने नवी साल वाढू लागते आणि पापण्यांनी वेढलेल्या डोळ्यासारखा वण उरतो. असे दोन वण शेजारी आणि खाली एखादी भेग असली, की काम भागते. त्या चेहऱ्याला नाव मात्र संस्कृती देते. आयर्लंडमध्ये मेरी दिसते, तर आपल्याकडे खोडाला सोंडेसारखा फुगवटा आला की गणपती. उजेड आणि कोनही महत्त्वाचे. 'व्हायकिंग १' यानाने १९७६ मध्ये टिपलेला मंगळावरचा 'चेहरा' २००१ च्या सुस्पष्ट छायाचित्रात साधी टेकडी ठरला होता.

शेंदूर आणि सिमेंट

आकृती दिसणे हा गुन्हा नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही तथाकथित चमत्काराच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीवर आहे. मात्र फसवणूक कोणी केली नाही, तरी झाडाचे नुकसान होऊ शकते. आकृतीला शेंदूर लागतो, तसबिरीसाठी खिळे ठोकले जातात, मग पार, त्यावर फरशी आणि भोवती सिमेंट. कुऱ्हाडीपासून वाचलेल्या या झाडाच्या मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट हटविण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने.

चेहरा नसलेल्या झाडांची गत आणखी वाईट. रस्तारुंदीकरणात ती निमूटपणे जातात. त्यांच्यासाठी रांगा लागत नाहीत. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना 'वारसा वृक्ष' मानले. तेथे कसोटी वयाची आहे, रूपाची नव्हे. नागरिकांची कसोटी मात्र अजून रूपाचीच दिसते.

तेव्हा खोडातला चेहरा टिपणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. गर्दीच्या शहरात झाडापाशी क्षणभर थबकून निरखणारा माणूस विरळाच. प्रश्न त्या क्षणानंतरचा आहे. नजर चेहऱ्यावरून मुळांपर्यंत उतरली, तर हा छंद वृक्षरक्षणाची पहिली पायरी ठरू शकेल. रॅथकीलच्या त्या दोन हजारांवर सह्या झाल्या खऱ्या. पण त्या खुंटासाठी होत्या. झाड तोवर गेलेले होते.